दोरीवरचे तीन मणी

माझ्या नोकरीची बरीच वर्षं अंधारात गेली. तक्रार म्हणून सांगत नाही. अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायची एक लांबट खोली होती आणि तिच्या खिडकीला काळा कपडा ठोकलेला असे. बाहेर कडक ऊन, एसटी स्टँडवरचा गलका, मळणीचा उडणारा कोंडा. आणि आत मी, हातात बारीक उजेडाचं यंत्र घेऊन कोणाच्या तरी बुबुळातून डोकावते आहे. डोळ्याच्या आतला पडदा नारिंगी असतो. त्यावर तांबड्या शिरा फाटे फुटत गेलेल्या दिसतात, विमानातून नद्या दिसत असतील तशा. विमानात मी कधी बसलेली नाही. पण त्या शिरांकडे पाहताना आपण फार उंचावरून एखाद्या निर्जन मुलुखावर तरंगतो आहोत असं मला वाटायचं. मग पेशंट विचारायचा, "झालं का जी?" की मी खाली उतरायची.

माझं पद नेत्रचिकित्सा अधिकारी. नाव भारदस्त आहे, पण मी डॉक्टर नव्हे. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदूचे म्हातारे शोधून ऑपरेशनसाठी गोंदियाला न्यायचे, दुसऱ्या दिवशी त्यांच्या पट्ट्या काढायच्या, शाळाशाळांतून पोरांचे डोळे तपासायचे, हे माझं काम. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी मी अर्जुनीला रुजू झाले. त्याआधीचं माझं सगळं आयुष्य सौंदडचं. वडील तिथल्या भातगिरणीत कामाला होते. गावात लोक मला चष्म्यावाली मॅडम म्हणत. आमच्या झाडीपट्टीत डोळ्याला डोरा म्हणतात, त्यामुळे काही म्हाताऱ्या नुसतंच 'डोऱ्याची बाई' म्हणायच्या. मला तेच जास्त आवडायचं.

लोकांना वाटतं, डोळे तपासणं म्हणजे भिंतीवरची अक्षरं वाचून घेणं. तेही असतंच. सहा मीटरवरून जी ओळ चांगल्या डोळ्याला वाचता यायला हवी ती वाचली, की आम्ही सहा बाय सहा लिहितो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तीन दातांच्या फणीसारखी चिन्हं असतात. दात कोणत्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचं. पण माणसाला किती दिसतं एवढ्यावर काम संपत नाही. त्याला काय दिसतं हे त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं, आणि ते ऐकण्यात मजा असते.

एकदा नवेगावच्या जंगलातले एक वनमजूर आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, मले वाघ दोन दिसले."

"बरं."

"साहेब म्हनते, या भागात एकच हाये. तुझे डोरे खराब झाले. आता तुमी सांगा, एक होता का दोन?"

एकाच्या दोन वस्तू दिसणं हा खरोखरचा आजार असतो. म्हणून मी त्यांची नीट तपासणी केली. दोन्ही डोळे उत्तम, नजर जुळलेली, कुठे दोष नाही. मी तसं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"म्हंजे दोनच होते?"

मग दाराकडे पाहत हळूच म्हणाले, "मॅडम, खराब हायेत म्हून लिहून द्या ना. दुसरीकडे बदली होईन."

मी लिहून दिलं नाही. पण पुढे कितीतरी दिवस गावोगावच्या तपासण्या आटोपून संध्याकाळी एसटीने परतताना झाडांच्या सावल्यांत मलाही सगळं जोडीजोडीने दिसायचं.

आता रजनीचं सांगते. माझ्या नोकरीतलं एकच सांग असं कोणी म्हटलं तर मी तिचंच सांगेन.

थंडी सरत आली होती. दुपारची गर्दी ओसरल्यावर एक उंच, सावळी मुलगी आणि तिच्यामागे धोतर-बंडी घातलेले तिचे वडील आत आले. वडिलांचं नाव दयारामजी. नवेगाव बांधचे, कोहळी समाजातले शेतकरी, धानाची शेती. मुलगी गोंदियाच्या कॉलेजातून पदवी घेतलेली, कॉलेजात असताना एनसीसीत होती. ती सरळ उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला वायुसेनेत पायलट व्हायचं आहे. बाकी सगळ्यात मी पास झाले. डोळ्यांत अडकले."

ज्या खोलीत मी आयुष्यभर मोतीबिंदू आणि लाल झालेले डोळे पाहिले, त्या खोलीत हे वाक्य मला जरा वेळ हवेतच राहिल्यासारखं वाटलं.

दयारामजी म्हणाले, "पोरीचे डोरे मजबूत हायेत जी. तलावात पार मधातलं बदक नर हाये का मादी हाये, ते सांगते. मंग नापास काऊन केलं?"

मी तिची अक्षरं वाचून घेतली. दोन्ही डोळे सहा बाय सहा. रंग ओळखण्यातही कुठे चूक नाही. मग मी एक पेन्सिल तिच्या नाकासमोर धरली आणि हळूहळू जवळ नेत गेले. एका जागी तिचा उजवा डोळा सुटला आणि बाहेरच्या बाजूला निसटला, झोप लागलेल्या माणसाच्या हातातून काही निसटतं तसा. तिने पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. डोळा परत जागेवर आला.

"आता काय दिसलं?"

"दोन पेन्सिली."

दयारामजींना मी समजावलं ते असं. आपल्या दोन्ही डोळ्यांना बाहेर पळायची ओढ असते. मेंदू त्यांना एकत्र धरून ठेवतो, नांगराला जुंपलेल्या बैलांसारखं. जवळचं पाहायचं झालं की दोघांनाही आत, नाकाकडे वळावं लागतं. रजनीचे बैल तगडे होते, पण थकले की एक जण मान काढून घ्यायचा. एरवी आयुष्यभर कोणाला कळलंही नसतं. पण पायलटला क्षणात समोरचे काटे पाहायचे असतात, क्षणात दूरचं आभाळ, पुन्हा काटे. वायुसेनेच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "थकल्यावर तुला दोन धावपट्ट्या दिसल्या, तर तू कोणत्या धावपट्टीवर उतरशील?"

त्यांनी तिला कायमचं बाद केलं नव्हतं. तात्पुरतं अपात्र ठरवलं होतं. उन्हाळ्यात फेरतपासणी, तोवर सुधारलं तर घेऊ, असं सांगितलं होतं. वयाची अट जवळ आली होती, त्यामुळे त्यानंतर पुन्हा संधी नव्हती.

मी गोंदियाच्या नेत्रशल्यचिकित्सकांना फोन केला. भला माणूस, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदीच. म्हणाले, "कसरत कराने वाली मशीन तो नागपुर में है, रोज कैसे जाएगी? आप डोरी से करवाइए. रोज करेगी तो फरक पड़ेगा. बिगड़ेगा तो कुछ नहीं."

ही दोरीची युक्ती मला शिक्षणात दाखवली होती, पण मी ती कोणाकडून करून घेतली नव्हती. दोन-तीन हात लांबीची पांढरी दोरी, तिच्यात थोड्याथोड्या अंतरावर तीन रंगांचे मणी. एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरायचं. मग एका मण्याकडे पाहायचं. दोन्ही डोळे नीट काम करत असतील तर दोरी एक दिसत नाही, दोन दिसतात, आणि त्या दोन दोऱ्या ज्या मण्याकडे आपण पाहतो त्याच मण्यावर एकमेकींना छेदतात. फुली मारल्यासारख्या. डोळे मागे राहिले की फुली मण्याच्या पलीकडे पडते. ती ओढून मण्यावर आणायची आणि मग जवळच्या मण्यावर यायचं. एवढंच. दयारामजींनी दुसऱ्या खेपेला बैलाच्या गळ्यातल्या माळेतले मणी काढून आणले, लाल, पिवळा आणि हिरवा. पोळ्याला नवी माळ करू म्हणाले.

रजनी एसटीने यायची. आधी माझ्यासमोर दोरी धरायची, मग आम्ही बोलत बसायचो. डोळ्यांना विसावा द्यावा लागतो, म्हणून मी काळा कपडा तसाच राहू द्यायची. त्या अंधारात तिने एकदा सांगितलं की तिला पायलट का व्हायचं आहे.

"आमचा तलाव आमच्या लोकांनी बांधला, मॅडम. पूर्वजांनी. किती पिढ्या झाल्या, कोणालाच नीट माहीत नाही. आम्ही त्याच्या पाण्यावर जगतो, बांधाच्या पाळीवरून चालतो, पण तो सगळाच्या सगळा कोणी पाहिलेला नाही. ज्यांनी बांधला त्यांनीसुद्धा नाही. या काठावर उभं राहिलं की तो काठ दिसत नाही. पक्ष्यांना दिसतो. लहानपणी मला वाटायचं, हे पक्षी इतक्या दूरून येतात, ते याच्यासाठी. वरून बघायला."

मला फक्त दिसत राहिलं, धुक्यात पसरलेलं ते पाणी, आणि त्याच्यावर खूप उंच एक ठिपका.

पण गावात लोकांना पाणी आणि पक्षी पुरत नाहीत. पोरगी दर आठवड्याला डोऱ्याच्या बाईकडे जाते ही बातमी फिरली. एक दिवस पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे आले. लाखांदूरकडचे. स्टुलावर बसून त्यांनी खिशातला चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. मी म्हटलं, "नंबर तपासायचा आहे?"

"नाई जी. आमच्या पुतन्यासाठी नवेगावची एक पोरगी पाहून राहिलो. दयारामजीची. चांगलं घर हाये. तुमी फक्त एवढं सांगा, तिच्या डोऱ्यात का हाये?"

"पेशंटचं मी दुसऱ्या कोणाला सांगत नाही, काका."

"दुसरा कसा? सोयरा होनार हाये."

"तरी नाही."

मग उठता उठता म्हणाले, "नाई सांगत, म्हंजे काहीतरी हाये." वाईट माणूस नव्हते. जाताना त्यांनी मला हातही जोडले.

काही नाही असं सांगितलं असतं तर ते खरं झालं नसतं. आहे असं सांगितलं असतं तर ते त्यांना समजलं नसतं. मी गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ आठवडाभरात नवेगावात पोहोचला. स्थळ मोडलं. पोरगी चकणी आहे म्हणतात, असं बाजारात बोललं जाऊ लागलं.

रजनीची आई, कौसल्याबाई, एकट्याच आल्या. बाहेर बसलेल्या पेशंटांना बाजूला सारून आत आल्या आणि उभ्यानेच बोलल्या.

"काई नाई म्हनून सांगाले का जात होतं तुमचं? तुमच्या एका 'सांगत नाई'नं माह्या पोरीले चकनी करून टाकलं."

"कौसल्याबाई, ती चकणी नाही. आणि ती तपासणीत पास झाली तर..."

"आन् नाई झाली तं?" त्यांचा आवाज फाटला. "वायुसेनावाले नाई म्हनतीन, सोयरे नाई म्हनतीन. मंग तिनं कुठं जावं? तुमच्या या खोलीत बसावं का?"

त्या निघून गेल्या. बाहेर पेशंट एकमेकांकडे पाहत होते. मी पुढच्या म्हाताऱ्याला आत बोलावलं आणि दिवसभर फणीचे दात कोणत्या बाजूला आहेत ते विचारत राहिले.

त्यानंतर रजनी आली नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. ऊन चढू लागलं होतं. मला दर वेळी दार उघडलं की वाटायचं, तीच असेल. तिच्या घरी जावं असं वाटे, आणि कौसल्याबाईंचा चेहरा आठवला की पाय थांबे.

मग नवेगावच्या आरोग्य केंद्रात मोतीबिंदूचे पेशंट तपासायची माझी पाळी आली. काम सकाळीच आटोपलं. मी तलावाकडे चालत गेले. पाणी आत सरकलं होतं, काठावर चिखलाचे सुकलेले पापुद्रे होते आणि दूर मासे धरणाऱ्या ढिवरांची एक होडी जागच्या जागी उभी होती. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली दोघं बसली होती. झाडात खिळा ठोकलेला, खिळ्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक दयारामजींनी आपल्या नाकाला लावलेलं.

"पाह्य बरं, मलेही दोन दिसते!" ते रजनीला सांगत होते. "मधल्या मन्यावर बराबर फुली हाये."

मला पाहून ते उठले, दोरी रजनीच्या हातात दिली. "तिची माय रागात हाये, मॅडम. तिकडं येऊ देत नाई. म्हून आमी इथंच करून राहिलो. रोज करते पोरगी. मी मोजत नाई, पन उन्ह डोक्यावर येतपर्यंत करते."

मी तिथेच मातीत बसले. रजनीने दोरी धरली. दूरच्या हिरव्या मण्यावर फुली. पिवळ्यावर फुली. लाल मणी नाकाच्या अगदी जवळ होता. तिथे तिच्या कपाळावर आठी पडली, डोळ्यांत पाणी आलं.

"कुठे आहे?"

"मण्याच्या थोडी मागे. येतेय. येतेय. आली. गेली, मॅडम."

"जाऊ दे. परत येईल."

तिने दोरी खाली केली आणि सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही धरता तेव्हा तुमची फुली एकदम लाल मण्यावर येत असेल ना?"

दयारामजी बैलांकडे गेले होते. मी म्हटलं, "मला फुली दिसत नाही."

"म्हणजे?"

"मला एकच दोरी दिसते."

माझा डावा डोळा वरून अगदी चांगला आहे. कोणाला कळत नाही. पण लहानपणी त्याला चष्मा हवा होता आणि सौंदडला ते कोणी तपासलं नाही. मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलं. मी दहावीत असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली, तेव्हा समजलं. तोवर उशीर झाला होता. त्या माणसांनी माझ्याशी फार मायेने बोलून सगळं समजावलं, आणि म्हणूनच पुढे मी हे शिक्षण घेतलं असावं. जग मला दिसतं, उत्तम दिसतं. पण दोन डोळ्यांनी मिळून जवळ-दूरची जी खोली दिसते, ती मी कधी पाहिलेली नाही. माझ्यासाठी आभाळ, झाड आणि झाडामागचं पाणी एकाच कापडावर काढलेलं आहे.

हे मी रजनीला सांगितलं. तिने हातातल्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे जे तुम्ही मला शिकवताय..."

"ते मी कधी पाहिलं नाही. तू सांगतेस, त्यावरून समजते."

तिने दोरी पुन्हा नाकाला लावली. या वेळी ती हळूहळू, एकेक शब्द निवडत बोलत होती.

"दोन दोऱ्या आहेत, मॅडम. दोन्ही खऱ्या वाटतात, पण हात लावायला गेलं तर एकच असणार हे माहीत असतं. दोन्ही दोन बाजूंनी येतात, मण्यात शिरतात आणि पलीकडे अदलाबदल होऊन जातात. मण्याभोवती थोडी हवा आहे. म्हणजे मणी दोरीला चिकटलेला नाही वाटत, हवेत ठेवलेला वाटतो. त्याच्यामागे पाणी आहे, ते लांब आहे. लांब म्हणजे लहान नाही. लांब म्हणजे... त्याच्याकडे जाता येईल असं."

ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या येत होत्या. होडीतल्या माणसाने जाळं फेकलं ते मला सपाट, चित्रातल्यासारखं दिसलं, आणि तिने मला सांगितलं की ते आधी आमच्याकडे आलं आणि मग दूर जाऊन पडलं. मला वाटतं, त्या सकाळी थोडा वेळ मीही दोन डोळ्यांनी पाहिलं.

बोलता बोलता ती थांबली. "मॅडम," ती कुजबुजली, "लाल मण्यावर आहे. मघापासून."

त्यानंतर महिनाभर मी सुट्टीच्या दिवशी नवेगावला जात राहिले. कौसल्याबाई मला घरी बोलावत नसत, पण तिसऱ्या खेपेपासून पाळीवर माझ्यासाठी ताकाचा तांब्या येऊ लागला. कोणी पाठवला हे कोणी बोललं नाही.

फेरतपासणीला ती वडिलांबरोबर दिल्लीला गेली. त्या आठवड्यात मी किती जणांचे नंबर काढले आणि कसे, देव जाणे. रुग्णालयात एकच फोन होता, कार्यालयात. कारकून धावत आले, "मॅडम, तुमच्यासाठी. बाहेरगावचा."

पलीकडे खूप गोंधळ होता, गाड्यांचे हॉर्न. दयारामजी ओरडून बोलत होते, तारेतून तेवढंच ओरडावं लागतं असं त्यांना वाटत असावं. "मॅडम! घेतली! पोरीले घेतली! डॉक्टरनं चारदा पेन्सिल आनली नाकाजवर, पन डोरा हालला नाई!" रजनीने फोन घेतला. पण मला ऐकू आले ते नुसते हॉर्न. मी "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले. कारकून माझ्याकडे पाहत होते आणि खिडकीबाहेर, रांगेतल्या म्हाताऱ्या, काय झालं म्हणून माना उंच करत होत्या.

बाजारात मग वेगळं बोललं जाऊ लागलं. पांढऱ्या टोपीचे ते काका पुन्हा माझ्याकडे आले, या वेळी खरोखर नंबर तपासायला. जाताना म्हणाले, "तवाच सांगतलं असतं तं सून पायलट असती आमच्या घरी." मी म्हटलं, "काका, मग ती पायलट झाली नसती." त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली.

रजनी हेलिकॉप्टर चालवायला शिकली. त्या काळी मुलींना वायुसेनेत ठरावीक वर्षांसाठीच घेत. तेवढ्या वर्षांत तिने डोंगराळ मुलखातल्या चौक्यांवर धान्य आणि औषधं पोहोचवली, पुरात अडकलेली माणसं छपरांवरून उचलली. सगळं मला तिच्या फोनवरून कळायचं. दर वर्षी डोळ्यांची तपासणी असे आणि दर वर्षी ती त्याआधी मला फोन करायची, "मॅडम, दोरी काढली आहे." एकदा तिने सांगितलं की बर्फाच्या डोंगरात खोली समजत नाही. सगळं पांढरं, सावली नाही, जमीन जवळ आहे की दूर ते दोन्ही डोळ्यांना कळत नाही. "तेव्हा तुमची आठवण येते. तुम्ही कसं ठरवत असाल, ते आठवते. एखादा दगड शोधते, त्याच्या आकारावरून अंदाज घेते." मी इकडे कप भरताना चहा बशीत सांडणारी बाई. फोन ठेवल्यावर मला बराच वेळ हसू येत राहिलं.

नवेगावचा तलाव तिने वरून पाहिला नाही. तिच्या कुठल्याच कामाचा मार्ग आमच्या आभाळातून गेला नाही. मला याची खंत वाटते, तिला नाही. ती म्हणते, मॅडम, दुसऱ्यांचे तलाव पाहिले.

मुदत संपल्यावर ती बाहेर पडली. काही वर्षं नाव राखीव यादीत असतं, गरज पडली तर बोलावणं येतं. ती आता दूर एका शहरात तरुणांना हेलिकॉप्टर चालवायला शिकवते. तिला विचारलं, राखीव म्हणजे काय गं? म्हणाली, "म्हणजे घरी असायचं, पण डोळे आपले नाहीत असं समजून जपायचे."

माझी निवृत्ती जवळ आली होती, तेव्हा कौसल्याबाई दयारामजींना घेऊन आल्या. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. समोर बोटं नाचवली तर हलतंय एवढं कळत होतं. कितीतरी वर्षं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पायवाटा पाठ होत्या, बैलांना बांध पाठ होते, निभावून नेलं. रजनीला तर मुळीच कळू दिलं नव्हतं. ती सुट्टीवर आली की तिच्या आवाजाकडे तोंड करून बसायचे.

मी रागावले. "मी इथे असताना? माझ्याकडे का आला नाहीत?"

"तिले समजलं असतं तं ते काम सोडून आली असती, मॅडम. वरतं उडताना तिच्या मनात माहे डोरे कायले?"

या वेळी मी गप्प राहिले नाही. त्याच संध्याकाळी रजनीला कळवलं. ती आली आणि आम्ही सगळे गोंदियाला गेलो. जिल्हा रुग्णालयात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी मी काढली. मी ओला कापूस फिरवला, पापणीच्या कडा साफ केल्या आणि म्हटलं, "हळूहळू उघडा."

दयारामजींनी डोळा उघडला. आधी खिडकीकडे पाहिलं, तिथल्या उजेडाने डोळा मिचमिचला. मग माझ्याकडे. मग पायथ्याशी उभ्या असलेल्या रजनीकडे. तिचे केस कानांजवळ पिकू लागले होते. चेहरा रापून काळा पडलेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात बारीक रेषा. ते पाहत राहिले, पाहत राहिले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा मान वळवून वाट पाहत होता.

"काऊन वं," ते शेवटी म्हणाले, "इतकी कारी कायले पडली तू?"

रजनी हसू लागली, आणि हसता हसता तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खाटेच्या उशाशी बसलेल्या कौसल्याबाईंनी नवऱ्याच्या अंगावरची चादर झटकून नीट केली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"कारी नोका म्हनू तिले. वरचं ऊन हाये ते."